चंद्राचा पिनकोड कोण ठरवणार?

मे महिन्याच्या सुट्टीत बहीण मुलांना घेऊन माहेरी आली होती. आठवीतली भाची मोबाइलवर एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसली होती. नाव झाले, अब्बांचे नाव झाले, घराचा पत्ता झाला. पिनकोडचा रकाना आला तशी तिने आम्हाला हाक मारली.

"मामू, पिनकोड टाकल्याशिवाय हा अर्ज पुढेच सरकत नाही. उद्या कोणी चंद्रावर राहायला गेलं तर त्यांनी इथे काय टाकायचं?"

घरातले सगळे हसले. अम्मी म्हणाल्या, "आधी इथला तर नीट टाक. मागच्या वेळी एक आकडा चुकला म्हणून पुस्तकांचं पार्सल परत गेलं होतं."

आम्हीही हसलो, पण रात्री मनात तोच प्रश्न घोळत राहिला. कारण भाचीने गमतीने विचारलेली गोष्ट सध्या जगातले जाणते इंजिनिअर अगदी गंभीरपणे एकमेकांना विचारत आहेत. चंद्रावर, मंगळावर आणि वाटेतल्या यानांवर संगणकांचे जाळे उभे राहणार असेल, तर त्या संगणकांना पत्ते कोण देणार? ते कुठल्या वहीत नोंदवले जाणार? आणि त्या वहीची किल्ली कोणाकडे असणार? वाचकहो, या महिन्यात त्याबद्दलच चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरवले.

पत्ता कोणीतरी ठरवावा लागतो

पिनकोड आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी बसून, डोके लावून ठरवला आहे, हे आपण विसरूनच जातो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावे देशात ढिगाने, पत्ते लिहिण्याच्या भाषा अनेक, अक्षर कोणाचे कसे. यातून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली.

त्यातली खुबी पहिल्या आकड्यात आहे. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड ही बाजू. दिल्लीत टपालाची छाननी करणाऱ्याला दापोली कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. ४ दिसला की पत्र या बाजूच्या थैलीत. पुढचे आकडे पुढचे लोक बघतील. देशभरातली सगळी गावे प्रत्येक कारकुनाने पाठ करायची म्हटली असती, तर टपाल कधीच पोहोचले नसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ९ हा पहिला आकडा कोणत्याच प्रदेशाचा नाही. तो लष्करी टपालासाठी राखलेला आहे. पलटण आज इथे, उद्या तिथे. जवानाचा मुक्काम गावाच्या नावाने लिहिता येत नाही. म्हणून ज्यांचा पत्ता जमिनीला बांधलेला नाही, त्यांच्यासाठी वेलणकरांनी वेगळा विभागच ठेवला. हा ९ वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

इंटरनेटवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रालाही असाच आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. छाननी करणाऱ्या कारकुनाच्या जागी राउटर नावाचे यंत्र असते. तेही पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघते आणि माहितीचे पाकीट त्या दिशेला ढकलते.

हे पत्ते वाटण्याची एक उतरंड आहे. सगळ्यात वर आयाना ही संस्था. तिच्याखाली पृथ्वीचे पाच वाटे करून नेमलेल्या पाच नोंदणी संस्था. आपला भाग एपनिककडे, तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला. युरोप आणि मध्यपूर्व राइपकडे, ती अ‍ॅमस्टरडॅमला. उरलेल्या तीन संस्था उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका बघतात. म्हणजे आपल्या घरच्या वायफायचा पत्ता ब्रिस्बेनच्या वहीतला आणि दुबईत किंवा कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या भावाच्या वायफायचा अ‍ॅमस्टरडॅमच्या वहीतला. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर या दोन वह्यांची गाठ पडते, पण आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

या पाचही वह्यांत चंद्र मात्र कुठेच नाही.

बोटीवरचे पत्र

कोणी म्हणेल, मग एक सहावी वही उघडा, झाले! पण त्याआधी अंतराळातले जाळे आपल्या जाळ्यापेक्षा वेगळे का, हे समजून घ्यायला हवे.

डोक्यावरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांची अडचण नाही. ते काहीशे किलोमीटरवरच असतात. त्यांच्यामार्फत जाणारे इंटरनेट खाली जमिनीवरच्या केंद्रात उतरते, त्यामुळे पत्ता पृथ्वीचाच चालतो. अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर २०१० च्या जानेवारीपासून थेट इंटरनेट वापरत आहेत, तेही असेच.

चंद्र मात्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. संदेश जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद. हेही चालून जाईल. मंगळाचे काय? तो जवळ असतो तेव्हा एका बाजूच्या प्रवासाला तीन मिनिटे आणि लांब असतो तेव्हा बावीस मिनिटे. आपले इंटरनेट बोलण्याआधी ओळख करून घेते. एक यंत्र म्हणते, ऐकू येते का? दुसरे म्हणते, येते, तुला येते का? पहिले म्हणते, येते. मग कामाचे बोलणे. मंगळ दूर असताना या तीन वाक्यांतच एक तास उलटून जाईल. शिवाय ग्रह फिरत असतात, यान ग्रहाच्या आड जाते. दर सव्वीस महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येतो, तेव्हा तर सुमारे दोन आठवडे संपर्क जवळजवळ बंदच असतो.

आमच्या आजोबांच्या पिढीत कोकणातल्या मोहल्ल्यांतून कितीतरी जण बोटीवर नोकरीला होते. दादी त्यांना पत्र लिहायच्या तेव्हा बोट कुठल्या समुद्रात आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नसायचे. पत्रावर बोटीचे नाव आणि कंपनीच्या एजंटचा पत्ता असायचा. पत्र त्या बंदराला जाऊन थांबायचे. बोट लागली की हातात पडायचे. बोट पुढे गेलेली असेल तर एजंट ते पुढच्या बंदराला धाडायचा. उत्तर यायला दोन महिने लागायचे, पण यायचे.

अंतराळासाठी शास्त्रज्ञांनी जी पद्धत काढली, ती जवळपास हीच आहे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतले त्यांचे सोबती १९९८ पासून तिच्या मागे लागले. संदेशाचे गाठोडे बांधायचे. पुढची वाट बंद असेल तर ते टाकून न देता जवळ सांभाळून ठेवायचे, वाट उघडली की पुढे धाडायचे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये नासाने सुमारे ३ कोटी २० लाख किलोमीटर दूर असलेल्या यानाबरोबर या पद्धतीने छायाचित्रांची देवाणघेवाण करून पाहिली. २०१२ मध्ये सुनीता विल्यम्स यांनी अंतराळ स्थानकात बसून जर्मनीतल्या डार्मस्टाट इथला एक छोटा लेगो यंत्रमानव याच पद्धतीने चालवला. २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या चांद्रयानाने बीटीएस या गायकमंडळाच्या गाण्याचा व्हिडिओ लाखो किलोमीटरवरून असाच पृथ्वीवर पाठवला. आमच्या भाचीला यातला फक्त हा शेवटचा प्रसंग महत्त्वाचा वाटला!

या गाठोड्यांवरचा पत्ताही निराळा असतो. तो बोटीच्या नावासारखा आहे. यान कुठे आहे हे तो सांगत नाही, कोणते आहे एवढेच सांगतो. त्या क्रमांकांची नोंद आयानाकडे आहे आणि त्यातला एक गट अंतराळ संस्थांच्या सामाईक समितीच्या नोंदणी विभागाकडे, सानाकडे, सोपवलेला आहे.

आकडे संपतात

वाचकांपैकी कोणी म्हणेल, आकडे काय, कितीही काढता येतात. त्यांचे रेशनिंग कशाला? याचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे.

अंतराळयानांना ओळखक्रमांक द्यायला अंतराळ संस्थांनी सुरुवात केली, तेव्हा रेडिओ संदेशाच्या एका जुन्या नमुन्यात त्यासाठी जेमतेम १,०२४ क्रमांकांची जागा ठेवली होती. त्या काळी ती भरपूर वाटली असणार. पुढे याने इतकी वाढली की मोहीम संपलेल्या यानाचा क्रमांक काढून दुसऱ्याला द्यावा लागू लागला. शेवटी नव्या नमुन्यात जागाच वाढवावी लागली.

पृथ्वीवरच्या इंटरनेटची कहाणी तर याहून बोलकी आहे. पहिल्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. इंटरनेट बाल्यावस्थेत असताना मागेल त्याला ते खिरापतीसारखे वाटले गेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले. अ‍ॅपल आणि फोर्ड या कंपन्यांनाही तेवढेच. यात कोणी चोरी केली नव्हती. त्या वेळी रांगेत तेवढेच लोक उभे होते, इतकेच.

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडचे शेवटचे पाच मोठे गट पाच संस्थांना एकेक देऊन कोठार रिकामे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया विभागाचा साठा सर्वांत आधी तळाला लागला. जगातली निम्म्याहून जास्त माणसे या विभागात राहतात, हे लक्षात घ्या. आता या भागात नवी कंपनी पत्ते मागायला गेली, तर तिला जुन्या पद्धतीचे फार तर ५१२ पत्ते मिळतात. एमआयटीने मात्र आपल्याकडचे सुमारे ८० लाख पत्ते वापरात नाहीत असे पाहून २०१७ मध्ये ते विकायला काढले. फुकट मिळालेला आकडा बाजारात उभा राहिला.

याची झळ आपल्याही घराला लागते. पत्ते पुरत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या एकाने कुठे आगळीक केली, तर संकेतस्थळ त्या पत्त्यालाच अडवते आणि 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून आपल्यालाही सिग्नलचे खांब आणि झेब्रा क्रॉसिंग ओळखत बसावे लागते. एका चाळीत एकच दरवाजा असला की एकाच्या उधारीसाठी सगळ्यांचीच कडी वाजते, तसे हे. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, ३४० लिहून त्यापुढे छत्तीस शून्ये द्यावीत इतके पत्ते आहेत. भारत या नव्या पद्धतीकडे झपाट्याने वळला. त्यात हौस कमी होती. जुने पत्ते आपल्या वाट्याला आलेच नव्हते, ही गरज मोठी होती.

चंद्रासाठी वेगळा ९ हवा का?

एवढे पत्ते हाताशी असताना अंतराळासाठी टंचाई पडणार नाही. मग वाद कशाचा? वाद मांडणीचा आहे.

समजा, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अमेरिका, युरोप, जपान, भारत आणि दोन-चार खासगी कंपन्यांची यंत्रे आहेत. प्रत्येकाने आपापल्या देशातून पत्ते नेले, तर पृथ्वीवरच्या राउटरला चंद्राकडे जाणारी वाट एका आकड्यावरून ओळखता येणार नाही. प्रत्येक जाळ्यासाठी वेगळी नोंद ठेवावी लागेल. दापोलीच्या एका गल्लीत काही घरांना दिल्लीचा, काहींना चेन्नईचा आणि काहींना लंडनचा पिनकोड दिल्यासारखे ते होईल. पृथ्वीवर हा गोंधळ मोठमोठी यंत्रे निभावून नेतात. अंतराळात पाठवलेला संगणक मात्र किरणोत्सर्ग सोसणारा, कमी विजेवर चालणारा आणि म्हणून कमी ताकदीचा असतो. बिघडला तर दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत इंटरनेटची पद्धत इतर ग्रहांवर नेण्याचा विचार करणारा एक कार्यगट २०२५ पासून काम करतो आहे. तिथे एक सूचना पुढे आली आहे: अंतराळासाठी पत्त्यांचा वेगळा गट आत्ताच राखून ठेवा आणि त्यातून चंद्राला एक, मंगळाला एक असे वाटे पाडा. म्हणजे राउटरने सुरुवातीचा आकडा पाहिला की काम झाले. वेलणकरांचा ९ तो हाच.

याला आक्षेपही आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. यंत्र चंद्रावर असले तरी त्याचा मालक पृथ्वीवरच असतो, मग आहेत त्या पाच संस्थांकडून पत्ते घ्यायला काय हरकत आहे? नवी नोंदणी संस्था काढली तर तिचा खर्च कोण देणार, ती कोणाच्या कायद्याखाली राहणार? आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेचे उदाहरण ताजे आहे. पत्त्यांवरून ती कोर्टकचेऱ्यांत इतकी अडकली की कारभार बघायला संचालक मंडळ उरले नाही, आणि २०२३ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाला तिथे रिसीव्हर नेमावा लागला. पृथ्वीवरची एक वही अशी अडकते, तर चंद्राच्या वहीची हमी कोणी द्यावी?

आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. भारतही त्या कराराला बांधील आहे. पत्ता म्हणजे मालकी नव्हे, हे खरे. पण ज्याला पत्ता नाही त्याच्याशी बोलता येत नाही, आणि पत्ते वाटणारा ज्याला नाही म्हणेल तो जाळ्याबाहेर राहतो. जमीन सगळ्यांची आणि वही मात्र आधी पोहोचलेल्या दोघा-चौघांची, असे व्हायला नको. म्हणून गट आत्ताच राखावा, पण वाटपाचे नियम उशिरा येणाऱ्यांनाही तोच वाटा मिळेल असे असावेत, हे आमचे मत. पृथ्वीवर हा विचार पत्ते संपल्यावर झाला. चंद्रावर तो सुरुवातीलाच करता येईल.

आपले त्यात काय?

२१ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या लँडरने आधीपासून चंद्राभोवती फिरत असलेल्या चांद्रयान-२ शी संपर्क साधला, आणि दोनच दिवसांनी तो दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरला. चंद्राजवळच्या दोन भारतीय यंत्रांनी एकमेकांची विचारपूस केली! २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. त्या माणसाने घरी फोन लावला, तर तो ज्या आकड्यावरून येईल, त्याचे नियम आज लिहिले जात आहेत.

आपल्या महाराष्ट्राचा कानही या कामी आलेला आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज या दुर्बिणीने टिपला होता. टेकायला थोडाच अवधी राहिला असताना तो आवाज थांबला. यान आदळून फुटले होते. कोट्यवधी किलोमीटरवरून आलेले ते शेवटचे बोल खोडदच्या शेतांमध्ये ऐकू आले.

राहिली गोष्ट नियमांची. आयईटीएफमध्ये सभासद व्हायला देश लागत नाही, फी लागत नाही. तिथल्या चर्चा ईमेलवर खुल्या चालतात, मसुदे कोणालाही वाचता येतात, मत कोणालाही मांडता येते. मतदान होत नाही. मुद्दा पटला तर तो घेतला जातो. आपल्या घरांतून आज कितीतरी मुले-मुली कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करत आहेत. पहिल्या नोकरीची चिंता त्यांना आहे आणि ती असणारच. पण आठवड्यातला एक तास त्यांनी असे मसुदे वाचायला दिला, न समजलेले विचारले, चुकलेले दाखवून दिले, तर त्यांना कोणी 'तू कोण' असे विचारणार नाही. गेल्या वेळी खिरापत वाटली जात होती तेव्हा आपण रांगेतच नव्हतो. या वेळी दार उघडे आहे आणि अजून गर्दी झालेली नाही.

भाचीला आम्ही हे सगळे आमच्या परीने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मामू, चंद्राचा पिनकोड अजून ठरलेलाच नाही?"

नाही, बेटा. अजून ठरायचा आहे.

"मग मी मोठी होईपर्यंत ठरवू नका म्हणावं," असे म्हणून तिने आपल्या गावचा पिनकोड टाकला, सहाही आकडे एकदा तपासले आणि अर्ज पाठवून दिला.